टेम्प फायलींची सफाई: ब्लीचबिट घ्यावं की विंडोजचं घरचंच पुरतं?

२५६ जीबीची एसएसडी असलेल्या लॅपटॉपवर विंडोज २३८ जीबीच दाखवतं. त्यातलं विंडोजने आणि ऑफिसने घेतलं, वर फोटो आले की सी ड्राइव्हची पट्टी लाल व्हायला वेळ लागत नाही. मग ‘पीसी क्लीनर’ शोधला जातो, आणि पहिल्या पाच निकालांतले चार पैसे मागणारे निघतात. एकही पैसा न घेणारे तीन पर्याय इथे तपासले आहेत: विंडोजमधलं जुनं डिस्क क्लीनअप, त्याच्या जागी आलेलं स्टोरेज सेन्स, आणि बाहेरून घ्यायचं ब्लीचबिट. निकाल आधीच सांगतो. घरच्या कॉम्प्युटरवरच्या टेम्प फायलींसाठी विंडोजमधली दोन साधनं पुरेशी आहेत. ब्लीचबिट त्यांच्यापेक्षा जास्त ताकदीचं आहे, पण ते वापरायचं तर कुठे टिक करायची नाही हे आधी माहीत हवं.

टेम्प फाइल म्हणजे कचराच, असं नाही. प्रोग्रॅमने कामापुरती मांडलेली ती मांडामांड असते. काम संपल्यावर त्याने ती आवरायची असते आणि बरेच प्रोग्रॅम आवरत नाहीत, एवढंच. विंडोज की आणि आर एकत्र दाबून टक्क्याचं चिन्ह, इंग्रजीत टेम्प आणि पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं मध्ये जागा न सोडता टाइप केलं की आपल्या खात्याचं टेम्प फोल्डर उघडतं. दुसरं विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात असतं आणि त्याला ॲडमिनची परवानगी लागते. सगळं निवडून डिलीट मारलं तर चालू फायलींवर विंडोज अडतं, त्यांना स्किप करायचं. त्यामुळे ‘हाताने उडवलं तरी काही होत नाही’ असा समज पसरला आहे. तो तीन ठिकाणी फसतो.

पहिलं ठिकाण इन्स्टॉलर. काही सॉफ्टवेअर अर्धं बसवून रीस्टार्ट मागतात आणि उरलेल्या फायली टेम्पमध्ये ठेवतात. रीस्टार्टच्या आधी त्या उडवल्या तर दुसरा टप्पा ‘फाइल सापडत नाही’ म्हणून थांबतो, आणि अर्धवट बसलेलं सॉफ्टवेअर धड काढताही येत नाही. दुसरं ठिकाण झिप. झिपमधली एक्सेल फाइल एक्स्ट्रॅक्ट न करता डबल क्लिकने उघडली, तर तिची प्रत टेम्पमध्ये उतरते. त्या प्रतीत दोन तास आकडे भरून सेव्ह केले तरी मूळ झिप बहुतेक वेळा जशीच्या तशी राहते, आणि सफाईत ती मेहनत जाते. तिसरं ठिकाण आउटलुक. अटॅचमेंट थेट मेलमधून उघडून त्यातच बदल केले की तीही तात्पुरत्या फोल्डरात पडते, फक्त ते आउटलुकचं स्वतःचं वेगळं असतं. सोसायटीचे हिशेब नाहीतर मुलांचे प्रोजेक्ट असे गेले की दोष सफाईच्या सॉफ्टवेअरला मिळतो. ते त्याचं काम करत होतं. म्हणून सफाईआधी टेम्प फोल्डर तारखेनुसार लावून वरच्या दहा-बारा ओळींवर नजर टाकावी. वर्ड, एक्सेल किंवा पीडीएफ दिसली तर उघडून पाहावी.

हाच धोका ओळखून केलेली एक बारीक सोय डिस्क क्लीनअपमध्ये आहे, आणि नव्या साधनांच्या गर्दीत तिची कदर होत नाही. आठवड्याभरात बदललेली टेम्प फाइल ते पुसत नाही. अर्धवट इन्स्टॉलर, कालची झिप यांना त्यामुळे सात दिवसांचं अभय मिळतं. विंडोज ९८ पासूनचं हे साधन आहे. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये ते मोडीत काढायच्या यादीत टाकलं, तरी विंडोज ११ मध्ये स्टार्टमध्ये नाव टाइप केलं की ते अजून उघडतं. खिडकी जुनाट आहे, अक्षरं बारीक आहेत, पण काम चोख.

पहिल्यांदा उघडल्यावर दिसते ती यादी अर्धीच असते. ‘क्लीनअप सिस्टिम फाइल्स’ हे बटण दाबल्यावर खरी मोठी ओळ दिसते, ‘विंडोज अपडेट क्लीनअप’. महिनोन्‌महिने साठलेल्या जुन्या अपडेट्सचे अवशेष त्यात असतात आणि बऱ्याच मशीनवर सर्वांत जास्त जागा तिथूनच सुटते. पुसल्यावर ते जुने अपडेट मागे घेता येत नाहीत. त्यामुळे ताज्या अपडेटनंतर प्रिंटर किंवा वायफाय रुसलं असेल, तर तो प्रश्न सुटेपर्यंत या ओळीला हात लावू नये. जुन्या हार्ड डिस्कवर हे काम अर्धा-पाऊण तास चालतं आणि पट्टी मध्येच थिजल्यासारखी वाटते. तेव्हा पॉवर बटण दाबायचं नाही. जिथे लाइट कधीही जाते, तिथे डेस्कटॉपला यूपीएस असल्याशिवाय हे सुरूच करू नये. ‘थंबनेल्स’ची टिक मात्र काढावी. फोटोंची ती छोटी चित्रं पुन्हा तयार होणारच, फक्त पुढच्या वेळी फोल्डर हळू उघडेल. ‘डायरेक्टएक्स शेडर कॅशे’चंही (गेमच्या चित्रांसाठी आधीच तयार करून ठेवलेला डेटा) तसंच. पुसल्यावर गेम पहिल्या खेपेला अडखळतो, मग सरळ होतो.

एक जुनी चूक सांगायला हवी, कारण सगळ्या मशीनवर एकच आवृत्ती नसते. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीत डिस्क क्लीनअपच्या यादीत डाउनलोड्स फोल्डरही घुसवलं होतं. सवयीने सगळ्या टिका करणाऱ्यांची बिलं आणि मार्कशीट त्यात गेल्या. २०२० च्या २००४ आवृत्तीत ती ओळ काढली. पण सेटिंग्जमधल्या ‘टेम्पररी फाइल्स’च्या पानावर डाउनलोड्सची ओळ आजही असते. तिथे टिक नाही याची खात्री करूनच पुढे जावं. डाउनलोड्स म्हणजे टेम्प नव्हे. आपल्याकडे तर ते घराचं कागदपत्रांचं कपाटच असतं.

स्टोरेज सेन्स २०१७ मध्ये विंडोज १० मध्ये आलं. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज असा रस्ता. एकदा लावून दिलं की ते आपोआप चालतं, आणि ज्या घरात कॉम्प्युटरची काळजी घेणारं कुणी नाही तिथे हाच मोठा गुण. मुळात ते जागा कमी पडली की जागं होतं. ते बदलून ‘दर महिन्याला’ करावं. रीसायकल बिन ३० दिवसांवर असते, ती तशीच ठेवावी. डाउनलोड्सच्या चौकटीत ‘नेव्हर’च असायला हवं. तिथे कुणी १४ दिवस निवडलं, तर दोन आठवडे न उघडलेली फाइल गुपचूप जाईल. वनड्राइव्हची चौकटही वाचावी. बरेच दिवस न उघडलेल्या फायली ती फक्त ऑनलाइन ठेवते. त्या हरवत नाहीत, पण गावाला नेट नसताना उघडणारही नाहीत. उणिवा दोन. हे फक्त सी ड्राइव्हपुरतं चालतं. आणि साइन-इन करून मशीन दहा मिनिटांहून जास्त ऑनलाइन असल्याशिवाय सुरूच होत नाही. बिल भरून पाच मिनिटांत बंद होणाऱ्या कॉम्प्युटरवर त्याच्या भरवशावर राहू नये.

मग ब्लीचबिट कशाला? कारण ब्राउझरचा कॅशे, म्हणजे साइट पुन्हा लवकर उघडावी म्हणून त्याने साठवलेल्या फायली. क्रोम तो टेम्पमध्ये ठेवतच नाही, स्वतःच्या प्रोफाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे डिस्क क्लीनअपला तो दिसत नाही. ब्लीचबिट मुक्त स्रोत आहे, आधी लिनक्ससाठी आलं, मग विंडोजसाठी. जाहिरात नाही, ‘तुमच्या पीसीत ८४७ दोष सापडले’ असला घाबरवण्याचा धंदा नाही. पोर्टेबल आवृत्ती घ्यावी, इन्स्टॉल करावी लागत नाही. डावीकडे प्रोग्रॅमवार चौकटी असतात, वर ‘प्रिव्ह्यू’ आणि ‘क्लीन’. त्यातलं प्रिव्ह्यू ही याची खरी किंमत. काहीही न पुसता कुठली फाइल जाणार आणि किती एमबी सुटणार, हे ते ओळीओळीने दाखवतं. डिस्क क्लीनअप इतकं उघड कधीच सांगत नाही.

दुसरी बाजू अशी. ब्लीचबिट पुसलेलं रीसायकल बिनमध्ये टाकत नाही, ते गेलंच. टेम्पसाठी सात दिवसांची सवलत इथे नाही, आत्ताची फाइलही उडते. आणि फाइल वापरात असेल तर काही वेळा ती रीस्टार्टला पुसण्यासाठी नोंदवून ठेवली जाते. म्हणजे रीस्टार्टनंतर चालायचा इन्स्टॉलर नेमका तेव्हाच उघडा पडतो. म्हणून यात ‘सिस्टिम’खालच्या टेम्पररी फाइल्सची टिक करूच नये, ते काम डिस्क क्लीनअपकडे ठेवावं.

ब्लीचबिटमध्ये फक्त एवढ्यावर टिक करावी: वापरत असलेल्या ब्राउझरचा ‘कॅशे’ आणि ‘व्हॅक्यूम’. व्हॅक्यूम काही पुसत नाही, ब्राउझरच्या डेटाबेसमधल्या रिकाम्या जागा दाबून बसवतं. ब्राउझर आधी पूर्ण बंद हवा, चालू असेल तर ब्लीचबिट तो साफ करत नाही. ‘कुकीज’वर टिक केली की सगळ्या साइट्सवरून बाहेर आणि ओटीपीची रांग. ‘पासवर्ड्‌स’वर टिक केली की साठवलेले पासवर्ड गेले. इशाऱ्याची खिडकी येते, पण सवयीने ओके दाबणाऱ्याला ती काय थांबवणार? ‘प्रीफेच’लाही (प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून विंडोजने ठेवलेल्या नोंदी) हात लावू नये, त्याने प्रोग्रॅम उलट हळू उघडतात. रिकामी जागा पुन्हा लिहून पुसण्याचा पर्याय तासन्‌तास चालतो, जागा एक बाइटही सुटत नाही आणि एसएसडी विनाकारण झिजते. आणि प्रामाणिकपणे, एकच ब्राउझर वापरत असाल तर कंट्रोल, शिफ्ट, डिलीट दाबून फक्त ‘कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स’ निवडलं तरी तेच होतं.

सीक्लीनर हे सफाईचं दुसरं सॉफ्टवेअर सुचवणारे अजून भेटतात. २०१७ मध्ये त्याच्या ५.३३ आवृत्तीत, अधिकृत डाउनलोडमध्येच, मालवेअर शिरलं होतं आणि ती वीस लाखांहून जास्त मशीनवर गेली होती. आजचं सीक्लीनर तेच नाही, पण विंडोज जे फुकटात करतं त्यासाठी आणखी एक सॉफ्टवेअर कायमचं चालू ठेवण्याचं कारण दिसत नाही. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ करणारा क्लीनर तर कुठल्याच कंपनीचा नको. सुटणारी जागा नगण्य असते, मायक्रोसॉफ्टचा त्याला पाठिंबा नाही, आणि बिघडलं तर विंडोज पुन्हा टाकावं लागू शकतं.

एवढं करूनही जागा सुटली नाही तर दोष टेम्पचा नव्हे. हायबरनेशनची (चालू काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करण्याची सोय) लपलेली फाइल साधारण रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे ८ जीबी रॅमला सव्वातीन जीबीच्या आसपास. हायबरनेट वापरत नसाल तर ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’, जागा, ‘-एच’, जागा, ‘ऑफ’ हे इंग्रजीत टाइप केलं की ती जाते. त्याबरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद होतं. नव्या आवृत्तीवर गेल्यावर ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डर राहतं. मागे फिरायची मुदत दहा दिवसांची, त्यानंतर विंडोज ते स्वतः काढतं, म्हणून घाई करू नये. विंडोजच्या स्वतःच्या घटकांचं ‘विनएसएक्सएस’ फोल्डर पाहून मात्र दचकू नये. त्यातल्या बऱ्याच फायली दोन ठिकाणी मोजल्या जातात, म्हणून आकार फुगलेला दिसतो. हाताने त्यातलं काही काढलं तर अपडेट घेणं बंद पडू शकतं.

क्रम असा ठेवावा. आधी रीस्टार्ट, म्हणजे अर्धवट राहिलेले इन्स्टॉलर पूर्ण होतात आणि अडकलेल्या फायली सुटतात. मग टेम्पमधल्या ताज्या फायलींवर नजर. मग डिस्क क्लीनअप. ब्लीचबिट हवंच असेल तर सगळ्यात शेवटी, आणि क्लीन दाबण्याआधी प्रिव्ह्यूची यादी खालपर्यंत सरकवून वाचून.