केनियातली मुलगी की इंदूरातला मुलगा?

शेजारच्या वहिनी अडकल्यात: चर्चच्या संस्थेमार्फत केनियातल्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च उचलावा, की इथेच कुणाची फी भरावी? माहितीपत्रकातले हसरे फोटो बाजूला ठेवू.

खर्च. परदेशी दान रिझर्व्ह बँकेच्या, परदेशात पैसे पाठवण्याच्या एलआरएस योजनेत बसतं. वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आपल्याला कुठली आड येतेय! पण बँकेचं शुल्क लागतं, रुपया घसरला की हप्ता वाढतो, आणि दानावरची ८०जीची आयकर सवलत नाही. इथल्या नोंदणीकृत संस्थेला दिलं तर जुन्या करप्रणालीत ती मिळते. शाळेत परस्पर दुसऱ्याच्या मुलाची फी भरली, तर मात्र नाही.

पैसा जातो कुठे? कंपॅशन इंटरनॅशनल ही ख्रिस्ती संस्था तिथल्या चर्चमार्फत एका मुलाला एक दाता जोडून देते, पत्रंही येतात. ख्रिस्ती धर्मशिक्षण त्या कार्यक्रमाचाच भाग आहे. ते पटत असेल तरच पुढे जावं. वर्ल्ड व्हिजन ही दुसरी ख्रिस्ती संस्था पैसा वस्तीच्या कामांवर एकत्रित खर्च करते.

भरवसा म्हणाल तर सरकारी नियमांचा फटका बसू शकतो. परदेशी निधीवरच्या निर्बंधांमुळे कंपॅशनला २०१७ मध्ये भारतातलं काम गुंडाळावं लागलं. इथे शाळेत जाऊन स्वतः चौकशी करता येते. फक्त रोज समोर दिसणाऱ्या घराला उपकाराचं ओझं वाटतं, तेही खरं.

चर्चशी नातं असेल, पत्रव्यवहाराची हौस असेल, तर केनिया. हिशेब डोळ्यांनी पाहायचा असेल तर इंदूर, आणि तेही नववीपासून पुढे. आठवीपर्यंत खासगी शाळांत गरीब मुलांसाठी शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के जागा आहेतच.