हँडलच्या बाटलीसाठी घेतलेलं ऑटो डिफ्लॅशिंगवालं ब्लो मोल्डिंग मशीन: दिवाळी ते गणपती

ब्लो मोल्डिंगचं, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक फुगवून बाटल्या करायचं, मशीन विकायला येणारा माणूस तासाला किती बाटल्या निघतील ते पहिल्या दोन मिनिटांत सांगतो. त्यातल्या किती बाटल्या शेपटी (तळाखाली राहिलेलं जादा प्लास्टिक) कापून, मान साफ होऊन खोक्यात भरायच्या लायकीच्या असतील, असं विचारलं की बोलणं चहाकडे वळतं. आमचं दुखणं नेमकं तिथंच होतं, म्हणून हा अनुभव मुख्यतः कापण्याबद्दल आहे. फुगवायचं काम आजकाल बरीच मशीनं ठीकठाक करतात.

आमचं भोसरीत छोटं युनिट आहे. माल एचडीपीई या प्लास्टिकचा: फिनेल, फरशी पुसायचं लिक्विड, कपड्यांचं लिक्विड यांच्या अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंतच्या बाटल्या. खप मोठा तो एक लिटरच्या हँडलवाल्या बाटलीचा. जुनं मशीन सिंगल स्टेशन, म्हणजे एकाच मोल्डचं (साच्याचं). बाटली शेपटी, खांद्यावरचा पापुद्रा आणि हँडलच्या भोकातला तुकडा असं सगळं घेऊन बाहेर पडायची आणि शेजारी बाकावर बसलेल्या मावश्या सुरीने ते काढायच्या. गरम असताना कापलं तर बाटली दबते. गार झाल्यावर कापलं तर जोर लागतो आणि सुरी सटकते. बोटांना पट्ट्या बांधलेल्या मावश्या हे आमच्या धंद्यातलं इतकं नेहमीचं दृश्य आहे की ते कोणाला खटकतही नाही.

नवीन मशीन गेल्या दिवाळीच्या आधी बसलं. दोन लिटर क्षमता, डबल स्टेशन (दोन बाजूंना दोन मोल्ड), सिंगल पॅरिसन (एका वेळी प्लास्टिकची एकच नळी), सर्वो हायड्रॉलिक (काम असेल तेवढीच मोटर फिरणारी), प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणारा ६० मिमीचा स्क्रू आणि मशीनच्या आतच डिफ्लॅशिंग, म्हणजे फ्लॅश (बाटलीभोवतीचं जादा प्लास्टिक) कापून काढणं. आता गणपती तोंडावर आलेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. याच बांधणीची मशीनं बरेच जण बनवतात आणि खालचं बहुतेक सगळं त्यांनाही लागू पडेल.

चालतं कसं ते थोडक्यात. डाय-हेडमधून वितळलेल्या प्लास्टिकची नळी, म्हणजे पॅरिसन, खाली उतरते. मोल्ड तिच्यावर मिटतो, बाजूला सरकतो, वरून ब्लो पिन आत जाते आणि ६-७ बार हवेने नळी मोल्डच्या भिंतींना जाऊन चिकटते. जुन्या मशीनचं काम इथं संपायचं. यात मोल्ड उघडला तरी बाटली खाली पडत नाही. ती पुढच्या जागी जाते, तिथं तिच्याच आकाराचा मास्क तिला धरतो आणि हवेवर चालणारे पंच शेपटी, खांदे आणि हँडलचं भोक एका फटक्यात मोकळं करतात. फ्लॅश खालच्या बेल्टवरून ग्राइंडरला जातो, बाटली दुसऱ्या बेल्टवर उभी राहते.

पहिले काही आठवडे मात्र वैताग होता. शेपटी तुटायचीच नाही, च्युइंगगमसारखी ताणायची आणि पंच मागे गेला की लोंबकळत राहायची. सर्व्हिसच्या मुलाने पंचाचं प्रेशर वाढवलं, मग मास्क घट्ट केला, मग बाटलीच्या खांद्यावर मास्कचे वळ उमटायला लागले. खरं कारण मोल्डमध्ये होतं. मोल्ड जुना, हाताने कापायच्या हिशेबाने बनवलेला. फ्लॅश ज्या खाचेत मावतो ती त्यात खोल होती. खाच खोल असली की फ्लॅश गार धातूला नीट टेकत नाही. त्यात शेपटी म्हणजे नळीच्या दोन भिंती एकमेकींना चिकटून झालेला जाड तुकडा, त्यामुळे बाटली गार झाली तरी शेपटी आतून मऊच. मऊ एचडीपीई ताणलं जातं, गार झालेलं तुटतं, सगळा खेळ एवढाच आहे. उलट खाच फार उथळ ठेवली तर मोल्ड पूर्ण मिटत नाही आणि शिवण जाड राहते.

शेवटी तळाचा आणि हँडलचा इन्सर्ट (मोल्डमध्ये बसणारा सुटा तुकडा) नवा करून घेतला, त्या भागात पाण्याची स्वतंत्र लाईन दिली आणि पिंच-ऑफची, म्हणजे नळी चिमटून फ्लॅश वेगळा करणारी, धार साधारण अर्धा मिलिमीटर रुंद ठेवली. कापायला सोपं जावं म्हणून ही धार अगदी पातळ करायचा मोह होतो. तसं केलं तर नळीच्या दोन भिंती एकजीव व्हायच्या आधीच कापल्या जातात आणि भरलेली बाटली कमरेच्या उंचीवरून पडली की तळाच्या शिवणीत उसवते. अॅल्युमिनियमच्या मोल्डला ही धारही अॅल्युमिनियमचीच असेल तर ती लवकर दबते. तिथं बेरिलियम कॉपर किंवा स्टीलच हवं. हे सगळं झाल्यावर पंचाचं प्रेशर आम्ही उलट कमी केलं. ऑटो डिफ्लॅशिंगच्या कोटेशनमध्ये मोल्डच्या या कामाचा उल्लेखही नसतो. प्रत्येक बाटलीला वेगळा मास्क आणि वेगळे पंच लागतात, तो खर्चही वेगळाच. मशीन घेताना हे दोन्ही आकडे लेखी मागा.

आता वेग. हँडलवाल्या एक लिटरला एका बाजूची सायकल १४ सेकंदांच्या आसपास बसते, म्हणजे दोन्ही बाजू धरून तासाला पाचशेच्या थोडं वर. ब्रोशरमधला आकडा याहून बराच मोठा होता. तो बिनहँडलच्या हलक्या बाटलीचा निघाला. सायकल १२ वर आणता येते, मशीन कुरकुरत नाही. पण मग शेपटी परत ताणायला लागते, तळ गरम राहून बाहेर येतो आणि बाटली टेबलावर डुलते. एकूण वेग ठरतो तो शेपटी किती लवकर गार होते त्यावर.

मानेचं काम ब्लो पिनच करते. पिनवरची कटिंग रिंग मोल्डच्या डोक्यावरच्या स्ट्रायकर प्लेटवर दाबली जाते आणि जादा प्लास्टिक तिथंच सुटतं. दोन्ही कडक स्टीलचे, तरी झिजतात. झीज आपल्या डोळ्यांना दिसायच्या आधी ग्राहकाच्या फिलिंग लाईनला कळते: मानेच्या काठावर बारीक बुरी (प्लास्टिकची खरखरीत कड) राहते, इंडक्शन सील (झाकणाखाली तोंडाला चिकटणारा फॉइलचा पडदा) तिथं बसत नाही आणि ट्रकमध्ये पेटी ओली होते. आमच्याकडे दर तासाला पाच बाटल्यांच्या माना नखाने चाचपायचा नियम आहे, लिकेज टेस्टर असूनही. टेस्टर भोक पकडतो, बुरी पकडत नाही. रिंग आणि प्लेटचा एक जादा संच कपाटात असलाच पाहिजे. आणखी एक, मशीनवरून उतरलेल्या बाटलीला लगेच झाकण लावून खूश होऊ नका. एचडीपीई दीड ते तीन टक्के आकसतं आणि ते आकसणं दुसऱ्या दिवसापर्यंत चालू असतं.

पावसाळ्यात नवीनच प्रकार. मोल्ड गार करणारं चिलरचं पाणी १० अंशांवर होतं, उन्हाळाभर काही तक्रार नव्हती. जूनच्या मध्यापासून मोल्डला घाम फुटायला लागला आणि बाटलीच्या अंगावर पाण्याचे डाग उठले. पाणी १६ अंशांवर नेल्यावर डाग गेले, पण सायकल सेकंदभर वाढली. पॅकेजमध्ये मोल्डभोवती कोरडी हवा सोडायची सोय असते म्हणतात. आम्ही घेतलेली नाही, पुढच्या वर्षी बघू.

फ्लॅशचा हिशेब हँडलच्या बाटलीत फार मोठा असतो. शॉटच्या (एका बाटलीसाठी सोडलेल्या प्लास्टिकच्या) वजनाचा तिसरा हिस्सा सहज फ्लॅशमध्ये जातो. पूर्वी तो पोत्यात साचायचा आणि शनिवारी एकदम दळला जायचा, त्यामुळे सोमवारच्या दाण्यात (मशीनमध्ये घालायच्या कच्च्या प्लास्टिकमध्ये) दळलेला माल भरपूर आणि मंगळवारी काहीच नाही. दळलेल्या मालाचं प्रमाण बदललं की पॅरिसनची लांबी बदलते आणि भिंतीची जाडी हलते. आता ग्राइंडर शेजारीच आहे आणि माल तासाच्या तासाला ठरलेल्या प्रमाणात परत जातो. बाटलीचं वजन दोन ग्रॅमने उतरवता आलं ते यामुळे आणि पॅरिसन कंट्रोलमुळे. हँडलच्या जागी नळी जाड, बाकी पातळ, असं पॉइंटवार ठरवता येतं. माझ्या मते पैसे वसूल होतात ते इथं, मजुरी वाचण्यात तितके नाही. मजुरी तशी वाचलीही नाही. मावश्या आता टेस्टिंग आणि पॅकिंगला आहेत आणि हातात सुरी नाही.

रिसायकल दाण्याचं मात्र जमलेलं नाही. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांच्या २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणे कडक पॅकेजिंगमध्ये २०२५-२६ पासून किमान ३० टक्के पुनर्वापरित प्लास्टिक लागतं आणि ते दरवर्षी दहाने वाढत २०२८-२९ ला ६० वर जायचंय. त्यामुळे ब्रँडवाले ग्राहक विचारायला लागलेत. दाणा चांगल्या ठिकाणचा असेल तर मशीन कुरकुर न करता चालतं. पोत्यागणिक एमएफआय (वितळल्यावर किती पातळ वाहतो ते) बदलणारा असेल तर पॅरिसन स्वतःच्या वजनाने लोंबते, शेपटी कधी लांब कधी आखूड होते आणि पंच अर्धवट मारतो. तिथं ऑटोपेक्षा हाताने कापणं बरं, असं म्हणायची वेळ दोनदा आली.

वीजबिल जुन्या मशीनच्या तुलनेत दर किलोमागे साधारण पाचव्या हिश्शाने उतरलं. सर्वोचं कौतुक खरं आहे. पण हवा जास्त लागते, पंच, मास्क आणि ग्रिपर सगळे हवेवर. कॉम्प्रेसर आम्हाला मोठा घ्यावा लागला. गुरुवारच्या सुट्टीनंतर शुक्रवारी सकाळी बॅरल तापायला दीड-दोन तास जातात, ते आधीही जायचे.

सर्वांत मोठी तक्रार पीएलसीची, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोल कॉम्प्युटरची. डिफ्लॅशिंगचे टायमर ज्या पानावर आहेत त्याला पासवर्ड आहे आणि तो मिळायला पाठपुरावा करावा लागला. तोवर पंच अर्धा सेकंद उशिरा हवा असला तरी फोन, मग व्हिडिओ कॉल, मग वाट बघणं. शेवटचा हप्ता द्यायच्या आधी सगळे पासवर्ड हातात घ्या.

रुंद तोंडाच्या बरण्या करणाऱ्यांना मात्र यातलं फारसं कामाचं नाही. त्यांची मान वरच्या डोमसकट फुगवतात आणि नंतर स्पिन ट्रिमरवर बरणी फिरवत स्थिर ब्लेडने डोम कापतात. ते वेगळं मशीन आहे आणि तिथली डोकेदुखी ब्लेडच्या धारेची. आणि रोज दोन-तीन वेगळ्या बाटल्या चालवणारं जॉबवर्कचं युनिट असेल तरीही जरा थांबा. मोल्डबरोबर मास्क, पंच आणि पिनचं सेटिंग बदलायला आमच्या सरावलेल्या ऑपरेटरला अजून अर्धी शिफ्ट लागते. एकच बाटली आठवडाभर चालणार असेल तर घ्या. अर्ध्या लिटरच्या छोट्या ऑर्डरी आम्ही आजही जुन्या मशीनवरच काढतो.