पदवीनंतरची पहिली नोकरी: नागपुरातल्या सेवांची परीक्षा

अंतिम वर्षाचा निकाल लागला की नागपुरातल्या पोरापोरींसमोर साधारण चार दरवाजे असतात: केंद्राची नॅट्स शिकाऊ योजना, राज्याचं महास्वयम पोर्टल, पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणि शहरभर पाट्या लावून बसलेल्या खासगी कन्सल्टन्सी. कॅम्पसमधून निवड झालेल्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. बाकीच्यांसाठी या चारही सेवा एकाच कसोटीवर तपासल्या आहेत. रोज नेमकं काय काम करायचं आणि ते शिकवणार कोण, हे रुजू होण्याआधी ही सेवा सांगते का? पहिल्या नोकरीतलं समाधान पगाराच्या आकड्यापेक्षा या दोन गोष्टींवर जास्त ठरतं. कार्डावर ‘एक्झिक्युटिव्ह’ छापलेलं असलं, पण शिकवणारं कोणी नसलं, तर वर्षाअखेरीस बायोडेटात लिहायला एक ओळही हाती लागत नाही.

नॅट्सपासून सुरुवात करू, कारण चौघांत तीच सर्वांत कामाची. पाचपैकी चार.

ही शिक्षण मंत्रालयाची योजना, 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली चालते. आपल्या भागाचं काम मुंबईचं शिकाऊ प्रशिक्षण मंडळ पाहतं, ज्याला सगळे ‘बोट’ म्हणतात. प्रशिक्षण साधारण वर्षभराचं. ही फक्त इंजिनिअरांसाठी आहे, हा समज अजून गेलेला नाही. बीए, बीकॉम, बीएस्सी, बीसीए झालेल्यांनाही ती खुली आहे. अट अशी की पदवी होऊन पाच वर्षांहून जास्त काळ लोटलेला नसावा, एक वर्ष वा अधिक नोकरीचा अनुभव नसावा आणि आधी कुठे शिकाऊ म्हणून काम केलेलं नसावं. म्हणजे ही संधी एकदाच मिळते. पहिली दिसली म्हणून कुठेही सही करून ती वाया घालवू नका.

कंपन्यांना यात रस का असतो? 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. त्यामुळे जागा खरोखर असतात, पण काही ठिकाणी त्या केवळ कायद्याचा आकडा भरायला काढलेल्या असतात. कोणत्या नुसत्या आकडा भरायच्या आणि कोणत्या खरोखर शिकवण्याच्या, हे ओळखणं हेच खरं काम, आणि पोर्टल त्यात मदत करत नाही. पाचातला एक गुण तिथेच कापला.

पैशाचं गणित आधीच समजून घ्या. 2019 च्या नियमांनी पदवीधराला महिना किमान 9,000 रुपये विद्यावेतन ठरलं. त्यातला निम्मा वाटा, 4,500 रुपये, केंद्राचा. मे 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ परिषदेने 36 टक्के वाढीची शिफारस केली, तेव्हा करारात कोणता आकडा लिहिला आहे तो नीट बघून सही करा. 2024 मध्ये पोर्टलची नवी आवृत्ती आली आणि केंद्राचा वाटा थेट उमेदवाराच्या खात्यात येऊ लागला. कंपनीचा वाटा वेगळा, सरकारचा वेगळा, दोन्हींच्या तारखाही वेगळ्या. पहिल्या महिन्यात अर्धीच रक्कम दिसली म्हणून एचआरशी भांडायला जाऊ नका. हजेरी पोर्टलवर भरली का, तेवढं विचारा. कंपनीने हजेरी चढवली नाही तर सरकारी वाटा अडकतो. शिकाऊ उमेदवार कामगार धरला जात नाही, म्हणून पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलं जात नाही आणि मिळतही नाही.

नोंदणीत बहुतेक अर्ज तीन ठिकाणी अडतात. पहिलं नाव. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, कधी शेवटी आईचं नाव जोडलेलं असतं, आणि आधारवर मात्र नाव-वडिलांचं नाव-आडनाव असा क्रम. पडताळणी आधारवर होते, त्यामुळे अर्ज आधारप्रमाणे भरा. स्पेलिंगच वेगळं असेल तर आधी आधार केंद्रात दुरुस्ती करा. दुसरा मोबाइल: ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवरच जातो, आणि तो कित्येकांच्या बाबतीत वडिलांचा जुना, बंद पडलेला नंबर निघतो. तिसरं बँक खातं, आणि इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. खात्याला आधार ‘लिंक’ असणं पुरेसं नाही. थेट लाभाचे पैसे एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणारी राष्ट्रीय संस्था) नोंदीत शेवटी जोडलेल्या एकाच खात्यात जातात; या जोडणीलाच ‘सीडिंग’ म्हणतात. मधेच पेमेंट्स बँकेचं खातं उघडलं असेल तर विद्यावेतन तिकडे जाऊन बसतं. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघायला दोन मिनिटं लागतात. करार होण्याआधीच बघा.

सार्वजनिक उपक्रमांत आणखी एक खाचखळगा. नागपुरात वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉयल यांची मुख्यालयं आहेत, कोराडी-खापरखेड्याला महानिर्मितीची वीज केंद्रं आहेत. अशा उपक्रमांच्या पदवीधर शिकाऊ जाहिराती निघतात तेव्हा बहुधा आधी नॅट्सवर नोंदणी करून क्रमांक घ्यायचा असतो आणि त्याशिवाय त्या संस्थेचा अर्ज वेगळा भरायचा असतो. एकीकडेच भरलं की अर्ज बाद. जाहिरातीतली शेवटची ओळही वाचा: प्रशिक्षणानंतर नोकरी देण्याचं बंधन नाही, असं तिथे स्पष्ट छापलेलं असतं. सरकारी भरतीवर डोळा असणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की बऱ्याच जाहिरातींत शिकाऊपणाचा काळ अनुभवात धरत नाहीत. खासगीत मात्र तो बऱ्यापैकी चालतो.

जागा कशी निवडायची, ते आता. मुलाखतीत शेवटी ‘एनी क्वेश्चन्स?’ आलं की बहुतेक जण ‘नो सर’ म्हणून उठतात. तिथे तीन प्रश्न विचारायचे. मी कोणाच्या हाताखाली असेन? पहिल्या तीन महिन्यांत कोणतं काम मी एकट्याने करू लागेन? मागच्या बॅचचे शिकाऊ आज कुठे आहेत? तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. ‘दोघं इथेच कायम झाले, एक पुण्याला गेला’ असं चटकन उत्तर आलं, तर तिथे माणसांकडे लक्ष आहे. ‘ते एचआरला विचारावं लागेल’ आलं, तर आकडा भरायची जागा समजा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना नेमकेपणा शोधा. बीकॉमवाल्याला ‘अकाउंट्सला मदत कराल’ म्हणणारं ऑफिस आणि ‘टॅलीत बँक रिकन्सिलिएशन, मग जीएसटीआर-1 या विक्रीच्या विवरणपत्राची जुळवणी, चौथ्या महिन्यापासून जीएसटी भरण्याचं विवरणपत्र 3बी तुम्हीच तयार कराल, आम्ही तपासू’ म्हणणारं ऑफिस, या दोघांत दुसरं 2,000 रुपये कमी देत असलं तरी तेच घ्या. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत मेकॅनिकलच्या पोराला फर्स्ट पीस इन्स्पेक्शन (पहिल्या नगाची तपासणी), मायक्रोमीटर आणि रोजचा रिजेक्शन रिपोर्ट हाती मिळाला, तर तो सहा महिन्यांत क्वालिटीचा माणूस होतो. नुसतं ‘प्रॉडक्शन’ म्हटलं तर शिफ्टभर माणसं मोजत उभं राहावं लागण्याची शक्यता. केमिस्ट्रीवाल्यांनी थेट विचारावं: क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅब की पॅकिंग? एचपीएलसी या रासायनिक विश्लेषणाच्या यंत्रावर हात बसेल का? मिहानमधल्या (विमानतळाजवळचं उद्योग-आयटी क्षेत्र) आयटी कंपन्यांत विचारायचं ते असं की प्रोजेक्ट ठरलेला आहे की बेंचवर, म्हणजे कामाविना वाट पाहत, बसायचं, आणि पोस्टिंग मिहानचंच आहे का. मुलाखत नागपुरात झाली म्हणून नेमणूक नागपुरात होते असं नाही. ऑफर लेटरमध्ये ‘भारतात कुठेही’ अशी ओळ बहुतेकदा असतेच.

प्रवासही हिशेबात घ्या. हिंगण्यासाठी अ‍ॅक्वा मार्गाचं लोकमान्य नगर स्थानक सोयीचं, मिहानसाठी ऑरेंज मार्गाने खापरी. बुटीबोरी खापरीच्याही बरीच पुढे. रात्रपाळीला मेट्रो नाही. कंपनीची बस कुठल्या चौकातून निघते, दुसऱ्या पाळीनंतर परत सोडते का, हे विचारायला लाजू नका. 9,000 मध्ये रोजचं पेट्रोल घातलं तर हाती काय उरतं ते कागदावर मांडा.

महास्वयम: पाचपैकी तीन. राज्याच्या कौशल्य विकास विभागाचं हे पोर्टल मोफत आहे आणि मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचे अर्ज इथूनच होतात. 2024 च्या या योजनेत 18 ते 35 वयाच्या, राज्याचा रहिवासी असलेल्या पदवीधराला महिना 10,000 रुपये विद्यावेतन ठरलं, मूळ मुदत सहा महिने. नॅट्सपेक्षा रक्कम बरी, पण जागा मोठ्या प्रमाणात सरकारी कार्यालयांतल्या, आणि काम बहुधा डेटा एंट्री, आवक-जावक, झेरॉक्स. प्रशासन जवळून बघायचं असेल, स्पर्धा परीक्षेची तयारी सोबत चालू असेल, तर ठीक. कायम होण्याच्या आशेने जाऊ नका, तसं आश्वासन योजनेत नाही. इथेही खाजगी आस्थापना असतात. यादीत त्या आधी बघा आणि वरचे तीन प्रश्न तिथेही विचारा.

याच विभागाचे रोजगार मेळावे भरतात. मंडपात रिक्त जागांचा जो आकडा झळकतो त्यात विमा, विक्री, डिलिव्हरी आणि मशीन ऑपरेटरचा भरणा फार असतो. जायचंच तर सकाळी, बायोडेटाच्या आठ-दहा प्रती घेऊन, कंपन्यांची यादी आधी वाचून. दुपारनंतर एचआरवाले नुसते फॉर्म गोळा करतात.

पंतप्रधान इंटर्नशिप योजनेबद्दल थोडक्यात. ऑक्टोबर 2024 ला सुरू झालेल्या प्रायोगिक टप्प्यात वय 21 ते 24, महिना 5,000 रुपये, सुरुवातीला एकदाच 6,000 ची मदत, मुदत 12 महिने. कंपन्यांची नावं मोठी. जागा घराजवळ मिळाली तर घ्यावी. दुसऱ्या राज्यात मिळाली तर 5,000 मध्ये खोली आणि मेस भागत नाही, घरूनच पैसे मागवावे लागतात. अडीच गुण. केंद्राचं एनसीएस (नॅशनल करिअर सर्व्हिस) हे नोकऱ्यांचं पोर्टलही मोफत आहे, नोंदणी करून ठेवा, पण तिथल्या जाहिराती पारखूनच अर्ज करा.

आता कन्सल्टन्सी. सरसकट वाईट नाहीत, पण सरासरी दोनच गुण. प्रामाणिक कन्सल्टन्सीचा धंदा साधा आहे: माणूस रुजू झाला की कंपनी तिला फी देते, बहुधा वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार. उमेदवाराकडून पैसे घ्यायचं कारणच नाही. ‘नोंदणी फी’, ‘फाईल चार्ज’, ‘लॅपटॉप डिपॉझिट’, ‘आधी आमचा कोर्स करा मग प्लेसमेंट’ यातलं काहीही ऐकू आलं की नमस्कार करून बाहेर पडा.

कंपनी खरी आहे का, हे घरबसल्या कळतं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर कंपनीचा मास्टर डेटा मोफत दिसतो. त्याहून उपयोगी म्हणजे पीएफचा कारभार पाहणाऱ्या ईपीएफओच्या साइटवरचा एस्टॅब्लिशमेंट सर्च: नाव टाका, पेमेंट डिटेल्स उघडा, कोणत्या महिन्यात किती कर्मचाऱ्यांचा पीएफ भरला ते समोर येतं. ‘आमचा स्टाफ दोनशेचा’ म्हणणाऱ्यांच्या पीएफ भरण्यात अकराच माणसं दिसली, तर बाकीच्यांचं काय ते विचारा. मात्र 20 पेक्षा कमी माणसं असतील तर पीएफ सक्तीचा नाही, म्हणून लहान फर्म यादीत नसली की ती खोटी, असं धरू नये. सीएचं छोटं ऑफिस यादीत नसूनही उत्तम शाळा ठरू शकतं.

पॅकेज ऐकून हुरळून जाण्याआधी हा हिशेब करा. 2.4 लाखांचं सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) म्हणजे महिना 20,000. मूळ वेतन 10,000 धरलं आणि मालकाचा पीएफ 1,200, ग्रॅच्युइटी 481 व मालकाचं 3.25 टक्के ईएसआय सीटीसीतच घातलं, तर ग्रॉस, म्हणजे तुमच्या कपातीआधीचा पगार, उरतो सुमारे 17,742. त्यातून तुमचा पीएफ 1,200, ईएसआय 134 आणि व्यवसाय कर 200 गेला की हाती 16,208. मुलींना 25,000 पर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणून 16,408. यात ‘व्हेरिएबल’ (कामगिरीवर मिळणारा, खात्रीचा नसलेला भाग) असेल तर आणखी कमी. म्हणून ‘पॅकेज किती’ विचारू नका, ‘इन-हँड किती, आणि ते लेखी द्या’ म्हणा.

बाँडला, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरण्याच्या कराराला, ‘कोर्टात टिकत नाही, कर सही’ म्हणणारे मित्र पुष्कळ भेटतात. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास 2 लाख रुपये देण्याची अट वैध ठरवली. प्रत्येक बाँडला तोच न्याय लागेल असं नाही, पण सही हसण्यावारी नेण्यासारखी राहिलेली नाही. रक्कम, मुदत आणि कंपनीनेच काढलं तर काय, ही तीन कलमं वाचा. शेवटचं बहुतेकदा लिहिलेलंच नसतं, लिहून घ्या. मूळ गुणपत्रिका कोणी ‘जमा’ करायला सांगितल्या तर देऊ नका. मूळ प्रत समोर दाखवून स्वसाक्षांकित झेरॉक्स दिली की पडताळणी होते.

वेळेचं एक. विद्यापीठाचं पदवी प्रमाणपत्र दीक्षांत समारंभानंतर हाती येतं, तोवर थांबून राहू नका. निकाल लागताच कॉलेजातून टीसी आणि तात्पुरत्या पदवी प्रमाणपत्राचा अर्ज सुरू करा, आणि त्याच आठवड्यात आधारचं नाव, मोबाइल आणि बँक सीडिंग तपासून नॅट्सची नोंदणी उरका. चांगल्या जागा मागे पडतात त्या गुणांपेक्षा या कागदांपायीच जास्त.