लफबरोची टेलर बेल फाउंड्री: घंटांची दुरुस्ती बघायची तर इथे जा

इंग्लंडात लेस्टर, नॉटिंगहॅमकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी लफबरोची टेलर बेल फाउंड्री, म्हणजे चर्चच्या घंटा ओतायचा कारखाना, आणि तिथलं म्युझियम एकदा तरी बघाच, माझ्याकडून पाचपैकी पाच स्टार. लंडनहूनही सेंट पँक्रसवरून थेट ट्रेन आहे, स्टेशनवरून चालत जाता येतं. टेलर कुटुंब 1839 मध्ये लफबरोला आलं, फ्रीहोल्ड स्ट्रीटवरचा हा कारखाना 1859 पासूनचा, आणि बिग बेन ओतणारी लंडनची व्हाइटचॅपल फाउंड्री 2017 मध्ये बंद पडल्यावर ब्रिटनमध्ये एवढी मोठी घंटा फाउंड्री हीच एक उरली. म्हणजे काचेच्या कपाटातल्या वस्तू बघायला नाही, चालू कारखान्यात जायचंय.

नवीन घंटा ओतताना बघायला मिळेल म्हणून बरेच जण जातात, पण मला सगळ्यात भारी वाटलं ते गावोगावच्या चर्चमधून उतरवून आणलेल्या जुन्या घंटांचं काम. आपल्याला वाटतं जुनी घंटा म्हणजे धातूच गेला असणार. तसं नसतं हो. साधारण 77 टक्के तांबं आणि 23 टक्के कथील, हे कांसं शेकडो वर्षं टिकतं, खराब होतं ते आजूबाजूचं सगळं. लाकडी सांगाड्याला कीड लागते, बेअरिंग झिजतात, घंटा ज्या तुळईला लटकते ती सैल होते, आणि इंग्लंडमध्ये तर घंटा नुसती हलवत नाहीत, दोरी आणि मोठ्या चाकावर पूर्ण गोल फिरवतात, तोंड वर करून उभी राहते ती, मग एवढं वजन असं फिरल्यावर मनोऱ्याला केवढे हिसके बसत असतील विचार करा.

लोलक वर्षानुवर्षं त्याच दोन जागी आपटतो, तिथे खळगे पडतात. उपाय एकदम साधा, घंटा पाव फेरी फिरवून परत टांगायची, लोलक कोऱ्या जागी लागतो. खरा धोका घंटेच्या डोक्यात, म्हणजे वरच्या टोकाला असतो. लोलक अडकवायची लोखंडी कडी जुन्या घंटांमध्ये ओततानाच आत बसवलेली असायची, लोखंड गंजलं की फुगतं आणि घंटेला वरून तडा देतं, म्हणून ती कडी ड्रिल करून काढून टाकतात आणि लोलक वेगळ्या बोल्टवर टांगतात. तडा गेलेली घंटा बद्द वाजते. पूर्वी ती सरळ वितळवून नवीन ओतायचे, आता स्पेशल वेल्डिंगने जोडता येते, फक्त त्यासाठी अख्खी घंटा आधी हळूहळू तापवावी लागते.

गाणं शिकलेल्यांनी ट्यूनिंगची जागा अजिबात सोडू नका. एका टोल्यात किमान पाच स्वर मोजतात: मधला मुख्य, त्याच्या खाली एक सप्तक खर्ज, वर एक सप्तक तार, आणि मध्ये पंचम आणि गंधार. हा गंधार कोमल! चर्चच्या घंटेत ती जी उदास छटा येते ना ती याच्यामुळे. कॅनन सिम्प्सन नावाच्या पाद्रींनी हे पाच स्वर एकमेकांशी कसे जुळवायचे यावर लिहिलं आणि टेलरने 1896 पासून ते अमलात आणलं. लेथवर घंटा उलटी बसवून आतून धातू तासतात, तासलेला परत चिकटवता येत नाही, त्यामुळे काम फार सबुरीचं. मध्ययुगीन घंटा थोडी बेसूर असली तरी बऱ्याचदा तिला लेथ लावतच नाहीत, फक्त टांगणी नवीन करतात, आणि मला हे शंभर टक्के पटतं, कारण तो तेव्हाच्या माणसाने दिलेला स्वर आहे.

आपल्याशी नातं पण आहे या जागेचं. पुण्यात गुरुवार पेठेतलं पंचहौदचं चर्च माहितीय ना, त्याच्या मनोऱ्यातल्या आठ घंटा टेलरच्याच, मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमधल्या आठही टेलरच्याच. आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आल्या, मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराला टांगलेल्या आहेत त्या. अशा घंटांना ऑइलपेंट फासण्याआधी किंवा कुणी पोराने दगड मारण्याआधी विश्वस्तांनी एकदा डोक्यातली कडी आणि लोलकाची जागा तपासून घ्यावी, पैसे फार लागत नाहीत याला.

आता कामाचं. नुसतं म्युझियमचं तिकीट काढू नका, कारखान्याची गाइडेड टूर घ्या, ती ठरावीक दिवशीच असते म्हणून आधी बुक करा. ओतकाम रोज नसतं, त्यामुळे वितळलेला धातू दिसेलच असं धरून जाऊ नका. साच्याची माती मात्र नीट विचारा, वाळू, चिकणमाती, घोड्याची लीद आणि बकरीचे केस असं मिश्रण असतं, पोरांना हे भयंकर आवडतं. वेळ उरला तर क्वीन्स पार्कमधला 1923 चा कॅरिलॉन (घंटांवर सूर वाजवायचं वाद्य) मनोरा बघा, 47 घंटा, सगळ्या याच कारखान्यातल्या, आणि त्यातली सगळ्यात मोठी टेलर घराण्याने पहिल्या महायुद्धात गेलेल्या आपल्या तीन मुलांच्या आठवणीत दिलीय.