छोटी फिक्स्ड ब्लेड सुरी: कार्बन स्टील की स्टेनलेस?

घडी न होणारी छोटी सुरी घ्यायची म्हटलं की बहुतेक जण आधी मूठ बघतात. मी पोलाद बघतो.

१०९५ हे साधं कार्बन स्टील, त्यात सुमारे ०.९५ टक्के कार्बन. साध्या दगडावर चार हात फिरवले की धार येते. पण लिंबू कापून तसंच ठेवा, थोड्याच वेळात पात्यावर निळसर-करडे डाग उमटतात. हा पॅटिना. संग्राहकाला तो दागिन्यासारखा वाटतो. तांबूस गंज मात्र वेगळा, तो पातं खातो. पुसून तेलाचा हलका हात द्यायचा कंटाळा असेल, तर या वाटेला जाऊ नका.

स्टेनलेसमध्ये साधारण साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम असतं. त्याचा पातळ ऑक्साइड थर गंज अडवतो. अडवतो म्हणजे लांबवतो, कायमचा थांबवत नाही. खाऱ्या घामात त्यालाही डाग पडतात. एईबी-एल हे पोलाद मुळात दाढीच्या ब्लेडसाठी तयार झालेलं. त्यातले कार्बाइड, म्हणजे पोलादातले कठीण कण, बारीक असल्याने धार पातळ काढता येते आणि ती सहसा तुटत नाही. ‘स्टेनलेसला धार लागत नाही’ हे स्वस्त सुऱ्यांनी पसरवलेलं मत.

कंबरेला रोज लावायची तर मी स्टेनलेस घेईन, कायडेक्स या कडक प्लास्टिकच्या म्यानात. फक्त त्याआधी आपल्याकडचा कायदा बघून. कपाटात जपायची तर कार्बन. पण ती चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नका. चामडं ओल धरतं, आणि वर्षभराने म्यानाच्या आकाराचाच गंज पात्यावर सापडतो.