कोल्हापूर–मिरज रेल्वे: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

कोल्हापूर ते मिरज रेल्वेने जेमतेम ४८ किलोमीटर. पॅसेंजरला एरवी तास-सव्वा तास पुरतो, पण अधूनमधून तीच गाडी दीड तास घेते. रोज ये-जा करणाऱ्याला ही पाव-अर्ध्या तासाची तफावत फार जाचते. काही महिने सकाळ-संध्याकाळ वापरल्यावर या लाइनबद्दल एक मत पक्कं झालं आहे: इथं वेळ जातो तो क्रॉसिंगमध्ये, म्हणजे समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांनी एकमेकींना ओलांडण्यात. क्रॉसिंगचं गणित ज्याला कळलं, त्याला ही गाडी एसटीपेक्षा स्वस्त पडते आणि बऱ्याचदा सोयीचीही.

पुणे–मिरज मार्गाचं दुहेरीकरण झालं, पण मिरजेच्या अलीकडे कोल्हापूरपर्यंत लाइन अजून एकेरीच आहे. मिरज, जयसिंगपूर, निमशिरगाव-तमदलगे, हातकणंगले, रुकडी, वळिवडे, गुळ मार्केट आणि श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस (म्हणजे कोल्हापूर स्टेशन) असा क्रम. यातली काही स्थानकं नुसते थांबे आहेत, तिथं दोन गाड्या एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. हातकणंगले किंवा रुकडीसारख्या स्थानकात लूप, म्हणजे गाडी बाजूला घ्यायची जादा लाइन आहे, म्हणून क्रॉसिंग तिथंच होतं. दोन स्थानकांमधल्या तुकड्याला ब्लॉक म्हणतात आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी, हा नियम. पूर्वी एकेरी मार्गांवर यासाठी ड्रायव्हरच्या हातात टोकन द्यावं लागे. ब्लॉकच्या यंत्रातून निघालेला लोखंडी गोळा, तो चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला. चालत्या गाडीतून ते कडं हातात अडकवून घ्यायचं आणि मागच्या ब्लॉकचं कडं फलाटावर टाकायचं. तो गोळा हातात नसेल तर गाडी पुढं नेता येत नसे. आता तेच काम रुळालगतचे अ‍ॅक्सल काउंटर करतात. ब्लॉकमध्ये किती चाकं शिरली आणि किती बाहेर पडली हे मोजतात, आकडा जुळला की ब्लॉक मोकळा.

आता हातकणंगल्यात गाडी थांबते तेव्हा नेमकं काय घडतं ते बघा. तुमची पॅसेंजर लूपला घेतात. लूपच्या सांध्यावर (गाडी एका लाइनवरून दुसरीवर वळते त्या जागी) वेग ताशी १५ ते ३० किलोमीटरच ठेवावा लागतो, त्यामुळे गाडी आधीच हळू होते. मग समोरची एक्सप्रेस शेजारच्या ब्लॉकमधून यायची. ती अजून ब्लॉकच्या पलीकडच्या टोकाला असेल तर तिथून इथवर यायला सात-आठ मिनिटं. ती पूर्ण आत आली किंवा निघून गेली, ब्लॉक मोकळा झाला, की पुढच्या स्थानकाशी नव्यानं ब्लॉक घ्यायचा, सांधे फिरवायचे, कुलूपबंद झाल्याची खूण पॅनलवर यायची आणि मगच स्टार्टर, म्हणजे स्थानकातून गाडी सोडणारा सिग्नल, पिवळा किंवा हिरवा. सगळं सुरळीत असलं तरी यात बारा-पंधरा मिनिटं जातात. समोरची गाडी दहा मिनिटं उशिरा असेल तर ती दहा मिनिटं तुमच्या खात्यात जमा.

म्हणून मोबाइलवर गाडीचं लोकेशन बघताना आपल्या गाडीपेक्षा समोरून येणारी गाडी कुठं आहे हे आधी बघावं. मिरजेहून कोल्हापूरकडं निघालेली गाडी वेळेत असेल तर तुमचं क्रॉसिंग ठरल्या जागी होईल. ती मिरजेतच अडकली असेल तर क्रॉसिंगची जागा बदलते. कंट्रोल, म्हणजे गाड्यांचं नियंत्रण करणारं कार्यालय, कधी तुमची गाडी एक स्थानक पुढं काढतं, कधी अलीकडंच धरून ठेवतं. पॅसेंजर आणि एक्सप्रेस समोरासमोर आल्या तर बाजूला जाणार ती पॅसेंजरच. एकदा वेळ चुकलेली पॅसेंजर मग प्रत्येक एक्सप्रेसला वाट देत बसते, म्हणून वीस मिनिटांचा उशीर मिरजेपर्यंत पाऊण तास होतो. याउलट कोल्हापूरच्या बाजूला वेळापत्रकात शेवटच्या टप्प्यात थोडी जादा वेळ ठेवलेली असते. वळिवड्याला दहा मिनिटं उशिरा असलेली गाडी टर्मिनसला वेळेवर लागली, तर त्यात नवल नाही.

टर्मिनसचीही एक अडचण आहे. लाइन इथं संपते. गाडी पुढं जात नाही, आली की फलाट अडवून उभी राहते, आणि फलाट मोजकेच आहेत. डबे धुवायला यार्डात काढायचे तरी त्याच तोंडातून बाहेर काढावे लागतात. त्यामुळे आत येणारी गाडी गुळ मार्केटच्या आसपास सिग्नलला उभी राहते आणि स्टेशन समोर दिसत असताना पंधरा मिनिटं जातात. दरवाज्यातून उतरून रुळावरून चालत जाणारे बरेच असतात. तसं मुळीच करू नये. लाइनवर आता २५,००० व्होल्टची वीज आहे, आणि विजेचं इंजिन डिझेलइतकं आधी ऐकू येत नाही.

हा फाटा शाखा म्हणून का राहिला, हे त्याच्या इतिहासात आहे. कोल्हापूर संस्थानानं स्वतःच्या खर्चानं ही लाइन बांधली. १८८८ मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते कामाचा मुहूर्त झाला, तेव्हा महाराज चौदा वर्षांचेही नव्हते आणि राज्यकारभार हाती यायला १८९४ उजाडायचं होतं. १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. मालकी संस्थानाची, गाड्या चालवायचं काम सदर्न मराठा रेल्वेकडं. ती कंपनी १९०८ मध्ये मद्रास रेल्वेशी जोडली गेली. रूळ मीटर गेजचे, म्हणजे दोन रुळांत १,००० मिलिमीटर अंतर. पुण्याहून मुंबईकडं मात्र ब्रॉडगेज, १,६७६ मिलिमीटर. परिणाम असा, की कोल्हापूरचा गूळ वॅगनमध्ये भरला तरी पुण्यात उतरवून दुसऱ्या वॅगनमध्ये चढवावा लागे. तीस-तीस किलोचे रवे (गुळाच्या ढेपा) दोनदा हाताळायचे म्हणजे हमाली दुप्पट आणि फुटतूट वेगळी. प्रवाशालाही पुण्यात गाडी बदलावी लागे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुणे–मिरज–कोल्हापूर ब्रॉडगेज झाल्यावर हा त्रास संपला. मिरजेत त्यानंतर बरीच वर्षं ब्रॉडगेज, लोंढ्याकडची मीटर गेज आणि पंढरपूर–कुर्डुवाडीकडची नॅरोगेज असे तिन्ही गेज एकाच स्थानकात होते. असं स्थानक देशात विरळाच.

लाइनवरच्या गावांचं रूपही रेल्वेनं बदललं. जयसिंगपूर शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं वसवलं, काटकोनात छेदणाऱ्या सरळ रस्त्यांचं. आजही स्टेशनवरून बाहेर पडलं की ती आखणी लगेच कळते. वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर, १९४३ ते १९४८ या काळात, जवळजवळ पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. वळिवड्याच्या छोट्या फलाटावर उतरताना हे ठाऊक असावं, असं मनापासून वाटतं.

आता कुठल्या कामाला कुठली गाडी. मिरजेला दवाखान्याचं काम असेल तर सकाळची पॅसेंजर किंवा आठच्या सुमाराची कोयना एक्सप्रेस. कोयनेला जनरल डब्यात कोल्हापुरात जागा मिळते, जयसिंगपूरनंतर मिळेलच असं नाही. इचलकरंजीला जायचं तर हातकणंगल्याला उतरून एसटी किंवा वडाप (शेअर जीप). बाहुबलीलाही तेच स्थानक. नृसिंहवाडीला जयसिंगपूर. दुपारी महाराष्ट्र एक्सप्रेस सुटते, गोंदियापर्यंत जाते, राज्य न ओलांडता. मिरजेपर्यंत तिचा वापर उत्तम होतो, कारण उगमालाच बसायला मिळतं. उलट दिशेनं, म्हणजे गोंदियाहून येताना, हिच्या भरवशावर कुणाची वेळ ठरवू नका. हजारावर किलोमीटर पळून आलेली गाडी, तिचा उशीर कुठून आला हे कोल्हापुरात बसून कळत नाही. वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून पुण्याला आठवड्यातून तीन दिवस धावते. मधल्या एकाही स्थानकात थांबत नाही, थेट मिरज. रोजच्या ये-जा करणाऱ्याला तिचा संबंध एवढाच, की ती आली की पॅसेंजर बाजूला.

बेळगाव-हुबळीकडं जायचं असेल तर मिरजेत बदल गृहीत धरा. राणी चन्नम्मा पूर्वी कोल्हापुरातून सुटायची, आता तसं नाही. मिरजेत बदलासाठी निदान एक तास हाताशी ठेवावा, पाऊण तास कमी पडतो. दोन्ही गाड्यांचं आरक्षण असेल तर दोन्ही पीएनआर जोडून घेता येतात. पहिली गाडी उशिरा पोचून दुसरी चुकली तर न झालेल्या प्रवासाचे पैसे रद्द करण्याचा आकार न कापता परत मिळतात. पॅसेंजरच्या साध्या तिकिटाला ही सोय नाही. म्हणून पुढचं आरक्षण महत्त्वाचं असेल तर मिरजेपर्यंतही एक्सप्रेसचंच आरक्षण करावं, चार पैसे जास्त गेले तरी.

तिकिटांचं. कोविडनंतर पॅसेंजरला एक्सप्रेसचं भाडं लावलं होतं, किमान ३० रुपये. फेब्रुवारी २०२४ मध्ये किमान भाडं पुन्हा १० रुपये झालं. पॅसेंजरचं तिकीट घेऊन कोयनेत चढलात तर ते चालत नाही, आणि या लाइनवर दंड बहुतेक याच कारणानं भरला जातो. खिडकीवर तिकीट मागताना गाडीचं नाव सांगा. मोबाइलवर काढायचं तर स्टेशनच्या आवारात शिरण्याआधी काढा, आत शिरल्यावर अ‍ॅप कागदविरहित तिकीट देत नाही. स्टेशन रोडवरच काढून मोकळं व्हावं. तिकीट अ‍ॅपमध्येच दाखवायचं, स्क्रीनशॉट ग्राह्य नाही. नेटवर्क जाणार म्हणून आधीच उघडून ठेवा. मासिक पास संपायच्या दहा दिवस आधीपासून नवा काढता येतो. महिन्याच्या पहिल्या तारखेची रांग त्यामुळे सहज टळते. स्थानक शोधताना ‘कोल्हापूर’ टाकून सापडलं नाही तर केओपी हा संकेत टाका. यादीत नाव शाहू महाराज टर्मिनस असं येतं.

गळीत हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, उशिराचं आणखी एक कारण येतं: फाटक. जिथं फाटक उरलं आहे तिथं ते सिग्नलशी जोडलेलं असतं. फाटक पूर्ण बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह रुळावर असताना पुढं कोंडी झाली, की मागची ट्रॉली फाटकातच अडकते. गेटमन फाटक टाकू शकत नाही, सिग्नल लाल राहतो. फाटकाच्या सिग्नलवर ‘जी’ अक्षराची पाटी असते; अशा सिग्नलला ड्रायव्हर दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबून सावकाश फाटकापर्यंत जाऊ शकतो, पण रूळ मोकळा नसेल तर तिथंही थांबणं आलंच. विद्युतीकरणानंतर फाटकाच्या दोन्ही बाजूंना उंची मोजणारी आडवी पट्टी आली आहे, सुमारे ४.७ मीटरवर. वर उंच रचलेल्या ट्रॉल्यांचा ऊस तिला घासतो, कधी मोळी पडते, आणि ती उचलेपर्यंत फाटक उघडं. ऊसवाहतूकदारांनी मोळ्यांचा शेवटचा थर कमी केला तर शेकडो प्रवाशांची दहा मिनिटं वाचतील, एवढं सरळ आहे. फाटकं काढून खालून बोगदे केले तिथं ही अडचण गेली, पण पावसाळ्यात बोगद्यात पाणी साठतं. स्टेशनजवळच्या परीख पुलाखालून भर पावसात गेलेल्या कोल्हापूरकराला हे वेगळं सांगायला नको. स्टेशनला त्या बाजूनं येणाऱ्यांनी पावसात वीस मिनिटं आधी निघावं.

पावसाळ्यात वेगही कमी होतो. लाइनचा बराच भाग काळ्या मातीतून जातो. ती भिजली की फुगते, वरची खडी बसते, रूळ एका बाजूला दबतो. मग खडी भरून ठोकेपर्यंत त्या तुकड्यात वेगमर्यादा. डबा एकाच जागी रोज डुलत असेल तर कारण बहुधा हेच.

आणि पूर. लाइन दोन नद्या ओलांडते, मिरज-जयसिंगपूरच्या मध्ये कृष्णा, रुकडी-वळिवडे दरम्यान पंचगंगा. पुलाच्या खांबावर धोक्याची खूण असते, पाणी तिच्याजवळ आलं की पुलावर माणूस बसतो, गाड्या सावकाश सोडतात, खूण गाठली की बंद. २०१९ आणि २०२१ मध्ये असंच झालं; गाड्या मिरजेतच संपवल्या गेल्या. त्याच वेळी शिरोलीजवळ महामार्गही पाण्याखाली होता, म्हणजे रस्त्याचा पर्याय नव्हता. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी ३९ ओलांडून वाढतच असेल आणि धरणांतून विसर्ग सुरू असेल, तर परगावचा प्रवास एक दिवस आधी उरकावा किंवा मिरजेहून पुढचं आरक्षण बदलून घ्यावं. गाडी पूर्ण रद्द झाली तर ऑनलाइन तिकिटाचे पैसे आपोआप परत येतात. मिरजेतच संपवली तर मात्र टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा लागतो. तो मुदतीत करा. घरी पोचल्यावर निवांत भरू म्हणून ठेवलेले अर्ज मुदत टळल्यानं फेटाळले जातात.