दादरची पोकर शिकवणी: धसमुसळ्या प्रतिस्पर्ध्यापुढचे सत्र

दर हाताला पत्ते न बघता रेज करणाऱ्या, म्हणजे बोली वाढवणाऱ्या, प्रतिस्पर्ध्यापुढे सुरुवातीचे पत्ते कसे निवडावेत, यावरचे सत्र मला सर्वांत उपयुक्त वाटले. बदाम सत्ती-छक्कीसारखे मोहाचे पत्ते, स्वस्तात फ्लॉप (टेबलावर उघडले जाणारे पहिले तीन सामाईक पत्ते) बघायला मिळणार नसल्याने, टाकायचे. दुर्रीच्या जोडीचेही तेच, कारण फ्लॉपवर तिसरी दुर्री जेमतेम १२ टक्के वेळाच येते. उलट एरवी डळमळीत वाटणारी एक्का-दश्शी त्या प्रतिस्पर्ध्याच्या डावीकडे, म्हणजे त्याच्या लगेच नंतर पाळी येईल असे बसून, पुन्हा रेज करत खेळायची, म्हणजे बाकीचे सहसा पत्ते टाकतात आणि त्याच्या कच्च्या पत्त्यांशी आपली एकट्याची गाठ पडते, हे शिक्षकांनी प्रत्यक्ष डाव मांडून दाखवले. मात्र एका टेबलाभोवती बारा विद्यार्थी, म्हणजे संध्याकाळची विरार लोकलच. माझ्या वाट्याला तासाभरात चारच डाव आले.